हळदीचं गाणं कुणाचं?

एखाद्या दशकातल्या सगळ्यात वाईट गाण्यांची यादी करायला बसलं की फार डोकं खाजवावं लागत नाही. 2001 ते 2010 या दहा वर्षांची यादी तर पालघर, बोईसर, चिंचणी, डहाणू या पट्ट्यातला चाळिशी ओलांडलेला कुणीही माणूस उभ्याउभ्या सांगेल. लताबाईंच्या जुन्या गाण्यांवर ठोके चढवलेली रीमिक्स, पोपट-कोंबडीची उडत्या चालीची गाणी, वेसाव्याहून आलेली कोळीगीतं, औद्योगिक वसाहतीतल्या चाळींतून ऐकू येणारी भोजपुरी गाणी आणि नवरात्रात दांडियाच्या तालावर कसंबसं बसवलेलं काहीही. त्या यादीबरोबर तीन आरोप ठरलेले असतात: शब्द घाणेरडे, चाली चोरलेल्या आणि आवाज कानठळ्या बसवणारा. या आरोपांत तथ्य नाही असं कुणी म्हणणार नाही. तरीही त्या दशकाकडे आज मागे वळून पाहताना मला वाटतं की गाण्यांची यादी बहुतेक बरोबर असली तरी त्यांना वाईट ठरवायची कारणं चुकली आहेत. त्या गाण्यांनी या भागाचं जे नुकसान केलं ते या तीन आरोपांत सापडत नाही, आणि ते सापडत नाही म्हणून भरूनही निघत नाही.

आधी ही गाणी इथं आली कशी ते पाहायला हवं. आजचा पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. ज्या दशकाविषयी आपण बोलतोय तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्याचं उत्तर टोक होता. 2011 च्या जनगणनेनुसार या आठ तालुक्यांत आदिवासींचं प्रमाण 37 टक्क्यांच्या आसपास आहे: वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. किनाऱ्यावर सातपाटीपासून डहाणूपर्यंत मांगेला, वैती, भंडारी. केळवे-माहीमच्या बागायतीत वाडवळ. डहाणू-घोलवडकडे गुजराती आणि पारशी. त्यात 1969 साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं आणि देशभरातले तंत्रज्ञ इथल्या वसाहतीत राहायला आले. पाठोपाठ बोईसरला लागून एमआयडीसी वाढत गेली. रसायनं, कापड, पोलाद, औषधं यांच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थानातून कामगार आले. बोईसर स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर संध्याकाळी पाळी सुटल्यावर जितक्या भाषा कानावर पडतात तितक्या महाराष्ट्रातल्या फार थोड्या तालुक्याच्या गावांत पडत असतील. मुंबईची लोकल डहाणूपर्यंत पोचायला 2013 उजाडलं, पण मुंबईची गाणी त्याच्या कितीतरी आधी पोचली होती.

ती पोचवली कॅसेटने. फिलिप्स कंपनीने 1963 साली बाजारात आणलेली ही प्लास्टिकची डबी भारतात खऱ्या अर्थाने पसरली ती सत्तरचं दशक सरताना, आखातातून परतणाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरबरोबर. तोवर तबकडीचा बाजार जवळजवळ एकट्या एचएमव्हीच्या हाती होता, आणि तबकडी वाजवायचं यंत्र घरी असणं हीच श्रीमंती होती. कॅसेट मात्र घरबसल्या भरता येई, कोरी विकत मिळे, आणि एका गावात खपली तरी कंपनीचा खर्च निघे. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने हे ओळखलं आणि ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटचा पूर आला. भक्तिगीतं, भोजपुरी, हरयाणवी, कोळीगीतं, भीमगीतं, लोकगीतं, ज्यांना तबकडीवर कधी जागा मिळाली नव्हती त्या सगळ्यांना कॅसेटवर मिळाली. त्यानंतर व्हीसीडी आली, मग एका चकतीत दीडशे गाणी मावणारी एमपी-थ्री आली, आणि दशकाच्या शेवटी मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून मिळू लागलं. दुकानदाराच्या संगणकावर फोल्डर असत: हिंदी नवीन, हिंदी जुने, कोळी, भोजपुरी, गरबा, भक्ती. नखाएवढं कार्ड घालायचं, फोल्डर निवडायचं, पैसे मोजायचे. गायक कोण, कवी कोण, चाल कुणाची, काही लिहिलेलं नाही. गाणं इथं पहिल्यांदा पूर्ण निनावी झालं. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण माझा मुद्दा शेवटी याच्याशीच येऊन थांबणार आहे.

आता पहिला आरोप, शब्दांचा. उडत्या चालीच्या मराठी गाण्यांत दोन अर्थांचे शब्द असतात, स्त्रीच्या अंगाविषयी आडून बोललेलं असतं, हे खरं. पण या भागाला असलं बोलणं या गाण्यांनी शिकवलं असं म्हणणाऱ्याने इथला शिमगा पाहिलेला नाही. होळी हा कोळीवाड्यांचा आणि आदिवासी पाड्यांचा वर्षातला मोठा सण. त्या दिवसांत जे बोललं आणि गायलं जातं ते कुठल्याही कॅसेट कंपनीने छापलं नसतं. हळदीच्या रात्री बायका नवरदेवाच्या, विहिणीच्या, व्याह्याच्या ज्या खोड्या गाण्यातून काढतात त्यातही मर्यादा पाळायची नसतेच; ती न पाळण्याचीच ती रात्र असते. मोकळं बोलण्यासाठी समाजाने नेमून दिलेली ही वेळ आणि जागा होती. बोलणाऱ्या बाया कोण ते सगळ्यांना माहीत असे, ज्याच्याविषयी बोलायचं तो समोर बसलेला असे, आणि दुसऱ्या दिवशी ते शब्द परत कुणी उच्चारत नसे. कॅसेटने जे बदललं ते एवढंच की शिमग्याची मुभा बारमाही झाली, आणि बोलणारा तोंड न दाखवता बोलू लागला. म्हणजे तक्रार करायचीच तर शब्दांविषयी नको, वेळ आणि माणूस नाहीसे झाल्याविषयी हवी.

अभिरुचीच्या नावाने गाण्यांना बाहेर ठेवण्याचा इतिहासही आठवावा. 1952 साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मूळचे मराठी, शास्त्रीय संगीताचे कळकळीचे पुरस्कर्ते. हिंदी चित्रपटगीतं लोकांची रुची बिघडवतात अशी त्यांची खात्री होती आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते मग रेडिओ सिलोनकडे वळले, तिथं अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. ज्या पन्नासच्या दशकातल्या गाण्यांना आज आपण सुवर्णकाळ म्हणतो, ज्यांच्यावर ठोके चढवले म्हणून 2002 साली आपण हळहळलो, तीच गाणी एका मंत्र्याच्या मते सरकारी रेडिओवर वाजवायच्या लायकीची नव्हती. यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की काळ गेला की सगळंच सोनं होतं, तर ते मला मान्य नाही. केसकरांच्या वेळीही टाकाऊ गाणी होती आणि ती आज कुणाला आठवतही नाहीत. मुद्दा इतकाच की ‘हलकं’ हा शिक्का मारणाऱ्याच्या बैठकीविषयी जितकं सांगतो तितकं गाण्याविषयी सांगत नाही. दिवाणखान्यात बसून ऐकण्याच्या गाण्याची कसोटी मांडवात नाचण्याच्या गाण्याला लावली की ते नापासच होणार.

दुसरा आरोप चोरीचा. इथं कायदा पाहायला हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 मध्ये एक तरतूद होती: मूळ ध्वनिमुद्रण बाजारात येऊन दोन वर्षं झाली की ठरावीक मानधन भरून आणि सूचना देऊन दुसऱ्याला तेच गाणं नव्या आवाजात मुद्रित करता येई. तिच्याच आडोशाने आधी ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या नव्या आवाजातल्या जुन्या गाण्यांच्या कॅसेट निघाल्या आणि नंतर रीमिक्स. ‘समाधी’ या 1972 च्या चित्रपटातलं लताबाईंनी गायलेलं, राहुलदेव बर्मन यांनी बांधलेलं ‘काँटा लगा’ 2002 साली ज्या रूपात आलं ते याच वाटेने. 2012 च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली आणि मूळ गाण्यात फेरफार करण्यावर बंधनं आली. ‘काँटा लगा’च्या रीमिक्सविषयी माझं मत कडक आहे: मूळ गाण्यातला दम काढून घेऊन त्या जागी एकसुरी ठोका बसवला, आणि विकला तो त्यासोबतचा व्हिडिओ. पण चित्रपटगीताच्या मालकांना निदान कायदा होता. लोकगीताच्या चालीला मालकच नाही. कोळीवाड्यातली किंवा पाड्यावरची चाल कुणीही उचलावी, ‘पारंपरिक’ असं लिहावं, आणि त्या ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे जावी. लोकांच्या चाली लोकांनी एकमेकांकडून घेतल्या, बदलल्या, पुन्हा गायल्या, ते चोरी नव्हतं, तो चालींचा स्वभाव आहे. घेणं जुनंच आहे. अन्याय नावं पुसण्यात आहे.

आणि चाल घेण्याचं याहून सुंदर उदाहरण याच भागात रस्त्यावर वाजतं. ते म्हणजे बेंजो. नाव विलायती असलं तरी हे वाद्य मूळचं जपानी. 1912 साली नागोयामध्ये गोरो मोरिता यांनी टायपरायटरसारख्या कळा असलेलं एक तंतुवाद्य बनवलं, तैशोगोतो. ते समुद्रमार्गे हिंदुस्थानात आलं, बुलबुल तरंग म्हणून मुलांच्या खेळण्यांत आणि हौशी घरांत फिरलं, आणि मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर त्याचा बेंजो झाला. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. त्याला पिकअप लावून अँप्लिफायर जोडला की खेळण्याची किणकिण जाऊन तार चिरत जाणारा, भरड, रडवेला आणि तरीही पाय उचलायला लावणारा सूर निघतो. टेम्पोवर बेंजो, बाजूला ऑक्टोपॅड, खाली ढोल, ताशा, कधी संबळ. त्या दशकात या भागातल्या कितीतरी हळदी बेंजो पार्टीशिवाय पार पडत नव्हत्या. आता नीट पाहा: बेंजो गात नाही. ज्या गाण्याच्या शब्दांवरून दिवाणखान्यात नाकं मुरडली जातात, त्या गाण्याचे शब्द हळदीच्या मांडवात वाजतच नव्हते. वाजत होती ती चाल. वाजवणारा एका गाण्याच्या मुखड्यावरून दुसऱ्याच्या अंतऱ्यावर उडी घेई, मधेच कोळीगीताचा ठेका, मधेच गरबा, मधेच नागीण, आणि नाचणाऱ्यांचा जोर पाहून एखादी ओळ दहा वेळा फिरवी. 2006 च्या ‘जत्रा’मधली अजय-अतुल यांची ‘कोंबडी पळाली’ आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्या आवाजात गाजली, पण या किनारपट्टीच्या मांडवांत ती शब्दांविना कितीदा वाजली असेल त्याची गणती नाही. पुढे तीच चाल 2012 च्या ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर गेली. चाल पक्क्या बांधणीची होती म्हणूनच तिला हे सगळं झेपलं. तिला वाईट गाण्यांच्या यादीत घालणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तिसरा आरोप आवाजाचा, आणि तो मात्र पूर्णपणे खरा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. जुलै 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रात्रीची बंदी उचलून धरली. म्हणजे ज्या दशकात कायदा सगळ्यात स्पष्ट झाला, त्याच दशकात भिंतीएवढे साउंड गावोगाव आले. बेंजोवाला दमतो, त्याची बोटं दुखतात, तो पाणी प्यायला थांबतो. डीजे थांबत नाही. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, परीक्षेची पोरं, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कामगार यांना त्याचा त्रास झाला आणि अजूनही होतो. यात दुमत नको. पण आवाज हा गाण्याचा दोष नाही. अभंगही त्या भिंतीवरून लावला तर छातीत तसाच धडधडेल. आवाजाचा दोष गाण्यावर टाकला की आवाज तसाच राहतो आणि फक्त गाणं बदलतं.

मग या गाण्यांनी बिघडवलं काय? त्यासाठी त्या मांडवात त्यांच्या आधी कोण गात होतं ते विचारायला हवं. आगरी-कोळी लग्नात धवलारीण असते. ती धवले गाते: मांडव घालताना, हळद लावताना, तेल चढवताना, नवरदेव निघताना, त्या त्या विधीचा धवला. वारली लग्नात तिचं स्थान आणखी मोठं आहे. तिथं ती धवलेरी, आणि लग्न लावणारी पुरोहितच ती असते. घराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि चौक लिहिला जात असताना धवलेरी गात असते. त्या चौकाशिवाय लग्न पुरं होत नाही. आज जगभर भिंतींवर, पिशव्यांवर, कपबशांवर छापली जाणारी वारली चित्रकला मूळची ही, गाण्याच्या सोबतीने बायकांनी लिहिलेली. या गाण्यात नवऱ्यामुलीचं नाव येतं, तिच्या बापाचं येतं, मामाचं येतं, गावदेवाचं येतं. धवल्याची चाल ठरलेली, सांगाडा ठरलेला, पण त्यात ठेवलेल्या रिकाम्या जागा त्या घराने भरायच्या. दुसऱ्या घरी तोच धवला गेला की तो दुसऱ्या घराचा होतो. आणि गाणारी बाई मांडवात बसलेली असते, तिला मान असतो, तिचं मानधन असतं, चुकलं तर तिला टोकणाऱ्या दोघीजणी शेजारी बसलेल्या असतात.

माझ्या मते वाईट गाण्याची कसोटी ही आहे. ज्या गाण्यात समोरच्या माणसांसाठी जागा आहे ते चांगलं, मग ते कितीही उडतं, कितीही चावट असो. ज्यात ती जागा नाही ते वाईट, मग त्याची भाषा कितीही शुद्ध असो. बेंजोवर वाजणाऱ्या कोंबडीत जागा होती. वाजवणारा नाचणाऱ्यांकडे बघून ती पैदा करत होता. कार्डावर भरलेल्या, डीजेने क्रमाने लावलेल्या गाण्यात ती उरली नाही. कोळीगीतांचंच पाहा. शांताबाई शेळके यांनी लिहिलेलं आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी बांधलेलं ‘मी डोलकर’ लताबाईंच्या आवाजात आलं तेव्हा कोळीगीत प्रत्येक मराठी घरात पोचलं. नव्वदच्या दशकात ‘वेसावकर आणि मंडळीं’च्या कॅसेटने ‘वेसावची पारू’ गाजवली, आणि वेसाव्याच्या कोळ्यांनी स्वतःच्या गावाचं नाव स्वतःच्या तोंडाने साऱ्या महाराष्ट्राला ऐकवलं, याचं मोल मी कमी करणार नाही. पण तीच पारू सातपाटीच्या, दांडीच्या, चिंचणीच्या मांडवात वाजली तेव्हा ती वेसावचीच राहिली. मांगेल्यांची बोली वेगळी, वैत्यांची वेगळी, त्यांचे शब्द, त्यांच्या देवी, त्यांच्या खाड्यांची नावं वेगळी. किनाऱ्यावरच्या दहा बोलींच्या जागी ‘गो’ आणि ‘रे’ लावलेली एक सरसकट कोळीबोली बसली, आणि लुगडं-टोपी घातलेला एक सरसकट कोळी व्हिडिओतून परत इथल्याच पोरांना दाखवला गेला. मुंबईने घडवलेला आपला चेहरा बघून नाचायची पाळी या किनाऱ्यावर आली, हे त्या गाण्यांनी केलेलं नुकसान आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की धवले काही डीजेमुळे गेले नाहीत. हे बऱ्याच अंशी खरं आहे. डीजेच्या कितीतरी आधी लग्नात लाउडस्पीकर आणि रेकॉर्ड आली होती, बँड आला होता. शिकलेल्या पोरींना धवला गायची लाज वाटू लागली, लग्नं मांडवातून हॉलमध्ये गेली, भटजी बोलावणं हे मोठेपण ठरलं, दोन-तीन दिवसांचं लग्न एका दिवसात उरकू लागलं. गाणारी बाई म्हातारी झाली आणि तिच्यामागे बसून शिकणारी कुणी उरली नाही. वाईट गाणी ही या सगळ्याचं कारण नाहीत, पण ओट्यावरची मोकळी झालेली जागा त्यांनी इतक्या आवाजाने भरून टाकली की जागा मोकळी झाल्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शांतता झाली असती तर कुणीतरी विचारलं असतं, आजी आज गात का नाही?

दुसरा आक्षेप नेहमीचा: तारपा गेला आणि डीजे आला. ही हळहळ सभांतून, लेखांतून इतकी ऐकू येते की तिची शहानिशा करावी. तारपा हे मुख्यतः भाताच्या हंगामाशी बांधलेलं वाद्य, लग्नाच्या हळदीशी नव्हे. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सांधे बुजवायला मेण. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो, त्याच्याभोवती हातात हात गुंफून साखळी फिरते, आणि त्याने चाळा बदलला की पावलं बदलतात. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतून हे रिंगण जगाला माहीत झालं. त्या रिंगणाची जागा हळदीच्या डीजेने घेतली असं म्हणणं म्हणजे खळ्यावरचं भांडण मांडवात नेणं. उलट तारपा आज बऱ्यापैकी दिसतो आहे: शाळांच्या कार्यक्रमांत, आदिवासी दिनाला, सरकारी समारंभांत. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 चा पद्मश्री जाहीर झाला तो तारपावादनासाठीच. हे योग्यच झालं. पण व्यासपीठावर चढवता येणाऱ्या, फोटोत उठून दिसणाऱ्या वाद्याला मान मिळाला आणि घरात जमिनीवर बसून गाणाऱ्या बाईला मिळाला नाही, हेही त्यासोबत म्हणायला हवं. कविता महाजन यांच्यासारख्या लेखिकेने वारली लोकगीतं जमा करून पुस्तकात आणली. असे प्रयत्न बोटावर मोजण्याइतके. गावोगावची धवलारीण गेली ती निनावीच.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. बोईसरसारख्या गावात सगळ्यांना मिळून नाचता येईल असं गाणं कुठलं असणार? एकाच चाळीत वारली, बिहारी, ओडिया, मारवाडी, जळगावकडचा आणि कोकणातला माणूस राहतो. गणपतीच्या मिरवणुकीत हे सगळे एका रांगेत नाचतात. त्यांना धवला कळणार नाही, भोजपुरी बिरहा कळणार नाही. कमीत कमी शब्द आणि जास्तीत जास्त ठोका असलेलं गाणंच त्यांच्यात सामाईक होऊ शकतं. बाजारात जशी मोडकीतोडकी बाजारबोली तयार होते, सौद्यापुरती, तशी ती गाणी ही या औद्योगिक गावाची बाजारबोली होती. बारा तासांची पाळी करून, आठ जण एका खोलीत राहून जगणाऱ्या माणसांना त्या ठोक्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकता आला, ही लहान गोष्ट नाही आणि मी ती नाकारत नाही. पण बाजारबोली बाजारात ठीक. तिच्यात घरी अंगाई म्हणायची वेळ आली की भाषा संपली असं समजावं. मिरवणुकीचं गाणं मिरवणुकीत राहिलं असतं तर या लेखाची गरजच नव्हती. ते हळदीत आलं, चौकाजवळ आलं, आणि जिथं नावं घ्यायची होती तिथं निनावी गाणं वाजलं.

म्हणून 2001 ते 2010 या दशकातल्या सगळ्यात वाईट गाण्याविषयी माझा निवाडा असा: ते एखादं ठरावीक गाणं नव्हतं. मोबाइलच्या दुकानातल्या संगणकावरचं ‘कोळी’ नावाचं फोल्डर हे त्या दशकाचं सगळ्यात वाईट गाणं होतं, कारण त्यात शंभर गाणी होती आणि गाणाऱ्याचं, गावाचं, कवीचं एकही नाव नव्हतं. गंमत अशी की ज्या यंत्राने हे केलं त्याच यंत्रात उपायही आहे. तेव्हाचं कार्ड फक्त वाजवत होतं. आजचा फोन ऐकतोही. पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा, वसई या आठही तालुक्यांत धवले येणाऱ्या बाया अजून आहेत. बहुतेक साठीच्या, सत्तरीच्या पुढच्या. पुढच्या लग्नसराईत तुमच्या घरी किंवा शेजारी हळद असेल तर साउंड लावायच्या आधी अर्धा तास त्यांना द्या. फोन जवळ ठेवा, पंखा बंद करा, मधे बोलू नका. आणि मुद्रण झालं की त्या फाइलला गाणारीचं नाव, तिच्या पाड्याचं किंवा आळीचं नाव आणि तारीख घाला.